बटर जगला

१६ ऑगस्ट

कुत्रा जगला.

दुपारी फोन आला. डॉ. ममता, बटरच्या डॉक्टर. "हेमांगीताई, एक चांगली बातमी —" एवढं बोलल्या आणि थांबल्या. आठवलं असणार. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बटर आज स्वतःहून जेवला. उद्या घरी न्या."

जेवला!

अमोलला जाऊन आठवडासुद्धा झाला नाही. दोघांना आजार एकच — लेप्टो. कुत्र्याला पिंजऱ्यात सलाईन, माझ्या नवऱ्याला आयसीयूत. कुत्रा उठला.

मी फोन ठेवला. 

१७ ऑगस्ट

भूमिका जाऊन घेऊन आली त्याला. एकटी, रिक्षाने. मला विचारलंसुद्धा नाही. तेरा वर्षांची पोर!

१८ ऑगस्ट

तो दारातून आला तो सरळ बेडरूममध्ये. पलंगाची अमोलची बाजू हुंगली. मग बाथरूम. मग गॅलरी. मग परत दाराशी जाऊन बसला, तोंड दाराकडे करून. कालपासून तिथेच. बरगड्या मोजाव्यात असा झालाय. पुढच्या पायावरचे केस सलाईनसाठी भादरलेत.

आईंनी — सासूबाईंनी — पदर तोंडाला लावला. गुहागरहून आल्यापासून त्यांचं रडं थांबलेलं नाही. "माज्या पोराला खाल्लान त्यान. आनि बसलाय बघ कसा."

मी त्यांना थांबवलं नाही. मनात माझ्याही तेच होतं.

२१ ऑगस्ट

लिहून टाकते. डोक्यात फिरत राहतं नुसतं.

जुलैच्या शेवटी पाणी भरलं. गोडदेवच्या आमच्या गल्लीत गुडघाभर, अमोलच्या कारखान्याच्या गाळ्यात कमरेएवढं. स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, हा सुपरवायझर. माल वर चढवायला गेला. बटर मागे लागला. तसा तो रोजच जायचा, गाळ्यातले सगळे त्याला ओळखतात. संध्याकाळी दोघे परत आले ते चिखलाचे पुतळे होऊन. अमोल हसतोय — "ह्याने पोहून दाखवलं सगळ्यांना!" मी दोघांना जिन्यातच थांबवून बादलीने पाणी ओतलं. तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो.

पुढच्या आठवड्यात बटर ओकायला लागला. डोळे पिवळे. डॉ. ममता म्हणाल्या, लेप्टो. उंदरांच्या मुतातून पाण्यात येतं, पायाला नुसतं खरचटलेलं असलं तरी आत शिरतं. मग अमोलचं सुरू झालं — कामावर जायच्या आधी दवाखाना, सुटल्यावर दवाखाना. त्याचं अंग पुसायचं. ओकलेलं काढायचं. मुतलेली गोधडी घरी आणून स्वतःच्या हाताने धुवायची. मी म्हटलं, हातमोजे तरी घाल. "अगं, तो काय परका आहे का?"

मग अमोलला ताप. "भिजलो ना, त्याचा आहे." तापाच्या गोळ्या घेत राहिला. डोळे पिवळे दिसले तेव्हा मी मीरा रोडच्या हॉस्पिटलात नेलं, तोवर लघवी बंद. मग फुप्फुसं. मग डॉक्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागले.

कुत्र्याचं मूत धुता धुता गेला माझा नवरा. बेचाळीस वर्षांचा.

हे असं आहे. ह्यात दुसरं काही नाही.

२३ ऑगस्ट

तेरावं झालं. गावाहून सगळे आले होते. बटरला गच्चीत बांधलं. एकदाही भुंकला नाही.

पाहुणे विचारत होते, पोरगी कुठे आहे. पोरगी गच्चीत. बापाच्या तेराव्याला कुत्र्याजवळ बसून!

२७ ऑगस्ट

खाली ढोल. समोरच्या बिल्डिंगचा गणपती. आमच्याकडे ह्या वर्षी नाही.

३ सप्टेंबर

हितेशभाई आले. सोसायटीचे सेक्रेटरी. आत या म्हटलं तरी दारातच उभे. "भाभी, बुरा मत मानना. अमोलभाई अपने घर के आदमी थे. पर नीचे बच्चे खेलते हैं. लोग पूछते हैं, ये वही कुत्ता है ना?"

"हां, वही है."

"तो फिर देख लो भाभी... क्या करना है."

माणूस वाईट नाही. अमोलला हॉस्पिटलात नेलं ते त्यांच्याच गाडीतून.

दार लावून वळले तर भूमिका मागे उभी. सगळं ऐकलेलं. हल्ली ती तीनच गोष्टी बोलते — हो, नाही, भूक नाही. तिच्या पायाशी बटर. माझं डोकंच फिरलं. "हा कुत्रा नसता तर तुझे बाबा आज असते!" ओरडलेच मी. पोर पांढरीफटक पडली. आत जाऊन दार लावून घेतलं.

बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

६ सप्टेंबर

बटरला दाखवायला न्यायचं होतं. भूमिकाची चाचणी, मग मलाच जावं लागलं. रस्ताभर पट्टा ताणून धरला, त्याचं अंग माझ्या साडीला लागू नये म्हणून.

डॉ. ममता म्हणाल्या, औषधाचा कोर्स पूर्ण झालाय, आता ह्याच्यापासून कुणाला भीती नाही. किडन्या मात्र दुखावल्यात. जपावं लागेल. मग मला म्हणाल्या, "तुम्ही तिघींनी रक्त तपासलंत का?"

"नाही."

"अजून नाही? मी अमोलना तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

मला माहीत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. "घरातल्या कुत्र्याला लेप्टो निघालं की माणसांनीही डॉक्टरांकडे जायचं. ताप असो नसो. एकाच घरात राहता, एकाच पाण्यातून चालता. बटर आजारी पडला म्हणजे ती तुम्हालाही सूचना असते. अमोलना म्हटलं, आजच जा. ते हसले. म्हणाले, मला काय धाड भरलीय मॅडम, तुम्ही ह्याचं बघा."

मी टेबलाची कड धरली. बटर त्या टेबलावर उभा होता. थरथरत होता. बोटांना कळत होतं.

"त्याच्याकडूनच लागलं ना अमोलला?" मी विचारलं.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दोघं त्याच पाण्यात होते, ताई."

डॉक्टर आहेत, प्राण्यांची बाजू घेणारच. मला पटलं नाही.

७ सप्टेंबर

माहीत होतं त्याला! कुणीतरी तोंडावर सांगितलं होतं — आजच जा! कुत्र्यासाठी दिवसातून दोनदा दवाखाना, आणि स्वतःसाठी पाच मिनिटं नाहीत. आमचे डॉक्टर कोपऱ्यावर बसतात. भाजी आणायला जातो तिथे!

आणि मला एका शब्दाने बोलला नाही. मला सांगितलं असतं तर कॉलर धरून नेला असता.

त्याच्यावर ओरडायचंय. तो नाही. मग घरात जो आहे त्याच्यावर ओरडले. दरिद्री, अवदसा, तूच मेला असतास तर — काय काय बोलले. बटर भिंतीला चिकटून बसला, शेपूट पोटाखाली. आई माळ ओढत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही. भूमिका आतल्या खोलीत अभ्यास करत होती.

१० सप्टेंबर

कामावर, शाळेच्या ऑफिसात, फी-पावत्या लिहिता लिहिता अक्षरं हलायला लागली. नर्सने बीपी घेतलं. परत घेतलं. "मॅडम, आधी घरी जा. आणि डॉक्टरला दाखवा, खरंच."

आता माझं काय! पण दाखवलं. गोळी सुरू. निदान मी तरी हसून टाळलं नाही.

१२ सप्टेंबर

ठरवलं. अमोलबरोबर कामाला होता तो महिपत — घोडबंदरला किल्ल्याजवळ स्वतःचं घर आहे त्याचं, अंगण आहे — तो न्यायला तयार आहे. चांगला माणूस.

भूमिकाला सांगितलं. वाटलं, रडेल, भांडेल. ती म्हणाली, "हो."

नुसतं हो. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

१४ सप्टेंबर

महिपत टेम्पो घेऊन आला. "वयनी, कालजी करू नको. माज्या आंगनात मोकला ऱ्हायल त्यो."

बटर महिनाभर मेल्यासारखा पडून होता. पण महिपतच्या अंगाला गाळ्याचा वास. ते पॉलिशचं तेल, तो लोखंडी वास. बटरने हुंगलं आणि वेडाच झाला! उड्या काय, कुईकुई काय! मी ढकलायच्या आधी स्वतःच टेम्पोत चढला. पुढे तोंड करून बसला.

त्याला वाटलं, अमोलकडे चाललोय.

१५ सप्टेंबर

दार उघडलं तर पायात कुणी आलं नाही. आता झोप लागेल वाटलं होतं. नाही लागली.

१८ सप्टेंबर

शाळेतून फोन. तिच्या. भूमिका प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली.

डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. वजन केलं. "ही काय खाते?" मला सांगता येईना. डबा रोज रिकामा यायचा. आता कळलं, मैत्रिणींना देत होती. दंडाला धरलं तर माझी बोटं एकमेकांना भेटली. माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेली पोर, आणि मी बघितलं नाही.

घरी आणून झोपवली. पेज केली. दोन घोट घेतले तिने. तेवढ्यात महिपतचा फोन.

"वयनी, कसा सांगू... कुतरा खात न्हाय. मासली दिली, कोंबरी दिली, तोंड लावत न्हाय. नुसता रस्त्याकरं बघत बसतो. काय झाला-बिला त् तूच मना बोलशील, मनून सांगतो."

एकाच दिवशी दोघांचं एकच ऐकलं. खात नाही.

२० सप्टेंबर

घोडबंदरला गेलो, दोघी. भूमिकाला बरं नाही, तरी हट्ट नाही की काही नाही — मीच म्हटलं, चल. तिने चप्पल कधी घातली कळलंच नाही.

अंगणात चिंचेखाली पडला होता. मान उचलली. उठला नाही. भूमिका तिथेच मातीत त्याच्याजवळ आडवी झाली, चपला तशाच पायात. मी लांब उभी. आणि त्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली. दोनदा, जमिनीवर, धप धप. माझ्याकडे बघून! मी त्याला काय काय बोललेय!

येताना रिक्षावाला म्हणतो, "कुत्ता नहीं बिठाएगा."

"बीमार है भैया. घर का आदमी है." तोंडातून निघून गेलं.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "बैठो."

२१ सप्टेंबर

आईंनी विचारलं, "परत आनलंस त्याला?" मी म्हटलं, "हो आई. भूमिका जेवत नाही." त्या आत गेल्या. दिवसभर अबोला.

हितेशभाई जिन्यात भेटले. ते बोलायच्या आतच म्हटलं, "डॉक्टर ने बोला है, उससे अब कुछ नहीं होता. चाहिए तो उनसे बात कर लो. कुत्ता यहीं रहेगा." त्यांनी हात वर केले. "ठीक है भाभी. आप आराम करो."

२२ सप्टेंबर

बटरच्या किडन्या निकामी होत चालल्यात. डॉ. ममतांनी आडपडदा ठेवला नाही. लेप्टोने आधीच खराब केल्या होत्या, त्यात उपाशी राहिला, पाणी प्यायला नाही. "किती दिवस, सांगता येत नाही. पण त्याला त्रास कमी होईल असं करता येईल."

मी पाठवला नसता तर?

विचारलं नाही.

रोज कातडीखाली सलाईन द्यायचं. घरी. मला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी, आणि सुई त्या पोकळीत आडवी. भूमिकाने बटरचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आई, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. नाहीतर त्याला थंडी वाजते." एवढं मोठं वाक्य! दीड महिन्यात पहिलं!

मग डॉ. ममतांनी आम्हालाच उभं केलं. "आता तुम्ही. आज रक्त दिल्याशिवाय घरी जायचं नाही." आमच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

२४ सप्टेंबर

रिपोर्ट चांगले. मी, भूमिका, आई — कुणालाच काही नाही. भूमिकाच्या अंगात रक्त कमी, त्याच्या गोळ्या.

तिघी वाचलो. आनंद व्हायला हवा ना? मी गॅलरीत जाऊन कपडे वाळत घातले. ओले नव्हते, कालचेच होते.

२८ सप्टेंबर

एक कळलं. बटर एकटा खात नाही. त्याचा वाडगा ठेवून आपण उठलो की तोही तोंड फिरवतो. आज मी कंटाळून माझं ताट घेऊन खाली फरशीवर बसले, त्याच्याशेजारी. मी घास घेतला. त्याने बघितलं. मग त्याने चाटलं. मी दुसरा घेतला, त्याने खाल्लं! भोपळा-भात, मीठ नाही, काही नाही.

भूमिका उभी राहून बघत होती. तीही ताट घेऊन आली. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. एक पोळी पूर्ण खाल्ली तिने. मग अर्धी अजून.

आता रोज फरशीवर.

५ ऑक्टोबर

सकाळी त्याला फिरवते. फिरवणं कसलं — बिल्डिंगपासून नाक्यापर्यंत, तेही थांबत थांबत. तो थांबला की मी थांबते. मीही दमते आणि ते त्याला कळतं बहुतेक, कारण मी दमले की तोच आधी बसतो.

बीपी खाली आलंय. डॉक्टर म्हणाले, "काय बदललंत?" काय सांगू! ज्याच्यामुळे चढलं त्यालाच फिरवायला नेते.

आज नाक्यावर बसलो होतो दोघे. त्याला म्हटलं — हळूच, लोक बघतात — "तू आणलंस की नाही मला माहीत नाही. आणलं असलंस तरी मुद्दाम नाही आणलंस." तो उन्हात डोळे मिटून बसला होता. "आणलं असलंस तरी माझाच आहेस."

बोलले आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. इतके दिवस काय धरून ठेवलं होतं मी? राग धरला की अमोल थोडा धरल्यासारखा वाटायचा, म्हणून?

१२ ऑक्टोबर

शाळेतून आले तर आई खाली बसलेल्या, गुडघे दुखत असताना. बटरची मान त्यांच्या पायावर. मी दारातच थांबले.

"अमोल ल्हान असताना आजारी पडला की असाच माज्या पायावर मान टाकायचा," म्हणाल्या. हात त्याच्या कानामागे चालला होता. "माज्या पोराचा व्हता हा. पोराचा म्हंजे आमचाच न्हाय काय?"

मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. दोघींनी फरशीवरच घेतला.

१७ ऑक्टोबर

दोन दिवस बटरच्या पोटात काही राहत नाही. तोंडाला वास येतोय. सलाईन देते, पण पाणी कातडीखाली तसंच फुगून राहतं, अंगात जात नाही. डॉ. ममता येऊन गेल्या. "ताई, आता सुया बंद करू. नुसतं जवळ राहा."

"आता बंद करू" हे आयसीयूतही ऐकलं होतं. तिथे मात्र जवळ राहू दिलं नव्हतं. काचेतून बघितलं फक्त.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. आमच्याकडे कंदील नाही. बाहेर लवंगी माळा कडाडतायत. दर वर्षी हा पलंगाखाली घुसायचा, बाहेर काढायला अमोलला पोटावर झोपून सरपटावं लागायचं. आज कानसुद्धा हलवला नाही.

२३ ऑक्टोबर

बटर गेला.

सकाळी, ऊन घरात आलं तेव्हा. भूमिकाच्या मांडीवर डोकं. माझा हात पोटावर, आई पायाशी. श्वास लांब झाला, थांबला, परत आला. मग नाही आला.

मी वाट बघत राहिले. मग माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझाच मला ओळखू आला नाही. अमोल गेला तेव्हा मी रडले नव्हते. सह्या करायच्या होत्या, फोन करायचे होते, आईंना धरायचं होतं. आज रडले. जमिनीवर डोकं टेकून, "अमोल, अमोल" म्हणत. आईंनी पाठीवर हात ठेवला आणि थांबवलं नाही. "रड," म्हणाल्या. "रड बाय. इतके दिवस कुठं ठेवलं व्हतंस?"

भूमिका नाही रडली. बटरचा कान सारखा करत बसली होती.

२४ ऑक्टोबर

महिपतच्या अंगणात पुरलं. त्याने खड्डा आधीच खणून ठेवला होता. पलीकडे खाडीला भरती. महिपत म्हणाला, "वयनी, मी त्याला नीट सांभालला न्हाय."

"तू नाही रे. मीच पाठवायला नको होता."

हितेशभाई पण आले होते, गाडी घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

अजून फरशीवरच जेवतो तिघी. टेबल आहे. कुणी बसत नाही.

२ नोव्हेंबर

भूमिका बोलली. जेवता जेवता, ताटात बघत.

ताप बाबांना आधी आला होता. बटर आजारी पडायच्या दोन दिवस आधी. जिन्यात अमोलने तिचा हात धरला, चटकाच बसला तिला. "आईला बोलू नको हां. उगाच घाबरेल. उतरेल उद्या." तिने कबूल केलं. मग बटर पडला, सगळे त्याच्या मागे लागलो. मग बाबा पडले. मग बोलायची हिंमतच झाली नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर बाबा वाचले असते, असं वाटत राहिलं तिला.

म्हणजे बटरने काही आणलंच नव्हतं.

आणि मी त्याला ह्याच घरात, ओरडून ओरडून शिव्या घातल्या. ती आतल्या खोलीत बसून एकेक शिवी स्वतःला लावून घेत होती.